आवाज वाढवला की अँप बंद पडतो: दुसरा घेण्याआधी काय तपासायचं आणि मग कोणता घ्यायचा

अँपबद्दल, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल, तक्रार साधारण अशी असते. हळू आवाजात सगळं ठीक चालतं. आवाज वाढवला, भरपूर बेस असलेलं गाणं लागलं, की ड्रमच्या ठोक्यासरशी आवाज तुटतो, पुढचा दिवा लाल होतो किंवा अँप चक्क बंद होतो. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू. मग निष्कर्ष निघतो की अँप कमी वॅटचा आहे, आणि खोक्यावर दुप्पट आकडा छापलेला दुसरा घरी येतो. काही दिवसांत तोही तेच करायला लागतो.

दुखणं परत येतं, कारण निवड ज्या आकड्यावरून होते त्या आकड्याचा या दुखण्याशी फारसा संबंध नसतो. खोक्यावरचे वॅट बाजूला ठेवा. बघायच्या गोष्टी तीन: स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक विजेत तो किती आवाज देतो) किती डेसिबल, त्याचे खरे ओहम (विजेला होणारा विरोध) किती, आणि अँपच्या सप्लायचे (त्याला वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरचे किंवा ट्रान्सफॉर्मरचे) व्होल्ट-अँपिअर किती. या तिन्ही जुळल्या तर लहानसा, स्वस्त अँपही घरभर ऐकू येतो. जुळल्या नाहीत तर महागडाही धाप टाकतो.

पण आधी हे ठरवू की दोष खरंच अँपचा आहे का.

आधी तारा काढा

अँप बंद करा, प्लग काढा, स्पीकरच्या चारही तारा सोडवा. आता नुसता अँप चालू करून गाणं लावा आणि नॉब वाढवा. (व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अँप असेल तर हे अजिबात करू नका, स्पीकर न जोडता तो वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.) स्पीकर नसतानाही संरक्षणाचा दिवा (अँप स्वतःला वाचवायला थांबला की लागणारा) लागला तर बिघाड अँपच्या आत आहे आणि पुढचं गणित करण्यात अर्थ नाही. दिवा लागला नाही तर एकच स्पीकर जोडून बघा, मग दुसरा. दर वेळी जोडण्याआधी अँप बंद करायचा.

एकाच स्पीकरवर त्रास होत असेल तर तो स्पीकर दुसऱ्या चॅनेलला लावा. त्रास स्पीकरबरोबर गेला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा. चॅनेलवरच राहिला तर अँपचा. एवढ्या अदलाबदलीत निम्म्या केसेस मिटतात, आणि त्यातल्या बऱ्याच निव्वळ तारेच्या असतात: टर्मिनलमध्ये खोचताना तारेचा एखादा केसासारखा धागा बाहेर राहिलेला असतो आणि शेजारच्या टर्मिनलला टेकतो. हळू आवाजात निभावतं, कारण व्होल्टेज कमी असतं. आवाज वाढला की अँपला तो शॉर्ट दिसतो. तारेची टोकं पुन्हा सोला, घट्ट पिळा, जमलं तर त्यांना पिन लावा.

दुसरं कारण जरा लपलेलं आहे आणि लहान क्लास-डी अँपच्या (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या, कमी तापणाऱ्या) बाबतीत नेहमी सापडतं. अशा बहुतेक अँपमध्ये स्पीकरचं वजा टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं. अधिक आणि वजा, दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवल्या जातात. त्यामुळे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वजा तारा कुठेही एकत्र आल्या की अँप संरक्षणात जातो किंवा सरळ जळतो. कुठे एकत्र येतात? जुन्या घरगुती जोडणीत दोन स्पीकरसाठी मिळून तीनच तारा ओढलेल्या असतात तिथे. स्पीकर निवडायच्या स्विच-बॉक्समध्ये, जिथे फक्त अधिक बाजू बदलते आणि वजा कायम जोडलेली राहते. स्पीकरच्या तारेवरून सिग्नल घेणाऱ्या काही सबवूफरमध्ये. अँप बदलल्यावरच त्रास सुरू झाला असेल आणि जुना अँप पारंपरिक क्लास-एबी (ट्रान्झिस्टर सलग चालवणारा, जास्त तापणारा) असेल, तर सगळ्यात आधी इथेच संशय घ्या.

कधी बंद पडतो, यावरून बरंच कळतं

ठोक्यासरशी, त्याच क्षणी बंद पडत असेल तर प्रश्न करंटचा आहे. एक तर स्पीकरचा ओहम अँपला झेपत नाही किंवा सप्लाय कोलमडतोय. वीस-पंचवीस मिनिटं वाजल्यावर बंद पडत असेल आणि वरचं झाकण हाताला चटका देत असेल तर प्रश्न उष्णतेचा. आणि दिवा विझून, पेटून, पुन्हा विझत असेल तर बहुतेक वेळा बंद पडतोय तो अडॅप्टर, अँप नव्हे. या तिसऱ्या प्रकारात लोक अँप बदलतात आणि जुनाच अडॅप्टर नव्याला लावतात. मग काय वेगळं होणार?

उष्णतेबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. क्लास-एबी अँप पूर्ण जोरात सगळ्यात जास्त तापतो असं नाही. सैद्धांतिक हिशेबाने त्याची सर्वाधिक उष्णता कमाल शक्तीच्या साधारण ४० टक्क्यांवर होते. म्हणून ‘मी तर मध्यमच आवाज ठेवला होता’ हे म्हणणं खरं असूनही अँप तापून बंद पडू शकतो. वर डीव्हीडी प्लेअर किंवा वर्तमानपत्रांची चळत ठेवली असेल तर ती हलवा. कपाटात कोंबला असेल तर मागचं आणि वरचं अंग मोकळं करा. आवाजाचं गणित त्यानंतर.

ओहम: मागे छापलेला आणि खरा

स्पीकरच्या मागे ८ ओहम लिहिलेलं असतं ती नाममात्र किंमत. प्रत्यक्षात इम्पिडन्स, म्हणजे आवाजाच्या विजेला स्पीकर करतो तो विरोध, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो. कुठे तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो, कुठे खाली घसरतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र किमतीच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा किमान आकडा ६.४ हवा आणि ४ ओहमच्या स्पीकरचा ३.२. सगळेच हे पाळतात असं नाही. ‘८ ओहम’ म्हणून विकला जाणारा स्पीकर बेसच्या भागात ४ पर्यंत उतरलेला आढळतो, आणि ड्रमचा ठोका नेमका तिथेच असतो.

त्याच व्होल्टेजला ४ ओहम ८ ओहमच्या दुप्पट करंट ओढतो. अँपला त्रास ओहम जास्त असल्याने होत नाही, कमी असल्याने होतो. ८ ओहमसाठी बनवलेल्या अँपला १६ ओहम लावला तर शक्ती कमी मिळेल, एवढंच. ४ ओहम लावला तर गाठ करंटशी.

घरी मोजायचं तर साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकर अँपपासून सोडवा, मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा, कारण तो मीटरच्या तारांचाच रोध असतो. ८ ओहमच्या स्पीकरला डीसी रोध साधारण ५.५ ते ७ दिसतो, ४ ओहमच्या स्पीकरला ३ ते ४. हा आकडा इम्पिडन्स नव्हे, पण समोरचा स्पीकर कोणत्या गटातला आहे ते यावरून कळतं. मागचं लेबल फाटलेल्या जुन्या स्पीकरसाठी ही तपासणी फार उपयोगाची. मात्र ट्वीटर (बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जिवंत आहे की मेलेला, हे अशा मापनात कळत नाही. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे मीटरला फक्त वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) दिसतो. ट्वीटरला कान लावूनच तपासावं लागतं.

एका चॅनेलवर दोन-दोन स्पीकर समांतर जोडले असतील तर सगळा हिशेब बदलतो. ८ आणि ८ मिळून ४ ओहम. ४ आणि ४ मिळून २, आणि २ ओहम घरगुती अँपला झेपत नाही. ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन जोड्यांची सोय असलेल्या अँपवर दोन्ही बटणं दाबली की बहुतेक वेळा हेच होतं. काही अँप तेव्हा आतून मालिकेत जोडणी करतात, तिथे हा धोका नसतो. मागच्या पॅनेलवर ‘ए + बी’साठी किमान किती ओहम हवेत ते छापलेलं असतं, ते वाचा. बाहेरच्या खोलीसाठी चार स्पीकर लावण्याची हौस असेल तर दुसरा छोटा अँप घेणं जास्त शहाणपणाचं.

जुन्या रिसीव्हरच्या (रेडिओ किंवा व्हिडिओचीही सोय असलेल्या अँपच्या) मागे ४/८ ओहमचा खटका असतो. ४ वर टाकला की अँप दणकट होतो, असा समज आहे. बहुतेक मॉडेलमध्ये तो खटका आतला सप्लाय व्होल्टेज खाली आणतो, म्हणजे अँप कमी तापतो आणि शक्तीही कमी देतो. थोडी शक्ती गमावून बंद पडणं थांबत असेल तर चालेल, पण आवाज लवकर फाटायला लागेल हे धरून चाला.

खोका वाचू नका, सप्लाय वाचा

हा भाग मी कुणालाही पहिल्यांदा सांगेन, कारण यात कंपनी काय म्हणते याला महत्त्व उरत नाही. लहान क्लास-डी अँपची कमाल शक्ती त्याचा सप्लाय ठरवतो. आदर्श हिशेब असा: सप्लायचे व्होल्ट गुणिले व्होल्ट, भागिले ओहमची दुप्पट. १२ व्होल्टवर ८ ओहमला येतात ९ वॅट. १९ व्होल्टवर साडेबावीस. २४ व्होल्टवर ३६. ४ ओहमला हेच आकडे दुप्पट. प्रत्यक्षात यातूनही थोडी गळती होते. स्वच्छ आवाजात याच्या पलीकडे जाता येत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आता अडॅप्टरकडे बघा. २४ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे एकूण १२० वॅट. अँपची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी दोन्ही चॅनेल मिळून शंभरच्या थोडं वर. अशा अडॅप्टरसह विकला जाणारा अँप ‘१०० + १००’ म्हणत असेल तर ८ ओहमला तो ३६ + ३६ च आहे हे तुम्ही दुकानात उभ्या उभ्या सांगू शकता. लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा अडॅप्टर ६५ वॅटचा असतो. पूर्ण जोर ४ ओहमच्या दोन स्पीकरवर काढायला गेलात तर तोच आधी हात टेकेल.

चिपचं नाव कळलं तर आणखी सोपं. लहान अँपमध्ये सर्रास दिसणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप घ्या. तिचं डेटाशीट (कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक) २१ व्होल्टवर ४ ओहमला दर चॅनेल ५० वॅट सांगतं, आणि सप्लायची वरची मर्यादा २६ व्होल्ट. म्हणजे याच एका चिपवर बनवलेला स्टिरिओ अँप ८ ओहमला दर चॅनेल शंभर वॅट देऊच शकत नाही. ३६ व्होल्ट लावून बघू असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा, चिप उडते.

आणि वॅट कोणते? ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला) आकडा वाचायचाच नाही. ‘आरएमएस’ (सलग मिळणारी शक्ती) लिहिलं असेल तरी पुढे किती विकृतीला, म्हणजे आवाज मूळपेक्षा किती बिघडू देऊन मोजलं ते पाहा. १० टक्के विकृतीवर मोजलेली शक्ती १ टक्क्यावरच्या शक्तीपेक्षा साधारण पाव हिस्सा फुगलेली असते, आणि १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेलाच. अमेरिकेत तर १९७४ पासून यासाठी वेगळा नियम आहे: घरगुती अँपची शक्ती जाहीर करताना किती ओहमला, कोणत्या फ्रिक्वेन्सींमध्ये आणि किती विकृतीला ती मोजली हे सांगावं लागतं. म्हणूनच त्या काळातला ‘३० वॅट’ लिहिलेला जुना अँप आजच्या ‘२०० वॅट’च्या छोट्या डबीपेक्षा जोरात वाजतो.

मग लागतात तरी किती?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. स्पीकरवर छापलेले ‘१०० वॅट’ म्हणजे तो किती सोसू शकतो त्याची मर्यादा. त्याला तेवढे द्यायलाच हवेत असं नाही.

गरज ठरते संवेदनशीलतेवर. समजा स्पीकर ८ ओहम, ८६ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. तुम्ही ३ मीटरवर बसता. साधारण भरलेल्या खोलीत तिथपर्यंत ६-७ डेसिबल कमी होतात. स्पीकर दोन आहेत, त्याचे ३ परत मिळतात. म्हणजे दर स्पीकरला १ वॅट दिल्यावर तुमच्या कानाशी ८२ डेसिबलच्या आसपास. हा काही कमी आवाज नाही, त्यात शेजारी बसलेल्याशी बोलताना सूर चढवावा लागतो. पण संगीत सपाट नसतं. सरासरीपेक्षा १२ ते २० डेसिबल वर उसळणारे क्षण त्यात असतात, आणि अँपला राखीव ताकद लागते ती त्या क्षणांसाठी. शिखर ९५ डेसिबलपर्यंत न फाटता पोहोचायचं तर १३ डेसिबल वाढवायला हवेत, म्हणजे विसपट शक्ती: २० वॅट.

हाच हिशेब ९० डेसिबलच्या स्पीकरला लावला तर ८ वॅट पुरतात. ८३ डेसिबलच्या ठेंगण्या बुकशेल्फ स्पीकरला ४० लागतात. म्हणजे खिसा हलका असेल तर जास्त संवेदनशील स्पीकर निवडणं हाच अँप स्वस्तात मिळवण्याचा मार्ग. चार डेसिबलच्या फरकात अँपची गरज अडीचपट बदलते.

एक खाच. संवेदनशीलता कधी ‘१ वॅट’ला देतात, कधी ‘२.८३ व्होल्ट’ला. ८ ओहमला दोन्ही एकच. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे त्याचा आकडा ३ डेसिबलने सजलेला असतो. तुलना करताना ते ३ वजा करा.

आणि ५० वॅटचा अँप काढून १०० चा आणलात तर फरक पडतो ३ डेसिबलचा. लक्ष देऊन ऐकलं तर जाणवतो, इतकाच. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ‘थोडे जास्त वॅट’ घेऊन हे दुखणं का बरं होत नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

अंदाजावर भरवसा नसेल तर मोजून बघता येतं. १०० हर्ट्झच्या शुद्ध स्वराची, पूर्ण डिजिटल पातळीची म्हणजे शून्य डेसिबलची फाइल मिळवा. बेस-ट्रेबल सपाट करा. नेहमीचं आवडतं गाणं तुम्हाला झेपेल इतक्या जास्तीत जास्त आवाजात लावा. मग नॉबला अजिबात हात न लावता गाणं थांबवा, अँप बंद करून स्पीकर सोडवा, पुन्हा चालू करून तो स्वर वाजवा आणि एकाच चॅनेलच्या अधिक-वजा टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. (इथेही व्हॉल्व्ह अँप वगळून. आणि स्पीकर सोडवल्याशिवाय हा स्वर वाजवू नका.) स्वर बंद असताना मीटर काही दाखवत असेल तर ते आधी पाहून ठेवा; क्लास-डीमध्ये थोडा गोंधळ दिसू शकतो. आलेले व्होल्ट गुणिले व्होल्ट, भागिले स्पीकरचे ओहम: हे तुमच्या गरजेचे वॅट. ९ व्होल्ट आले आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर गरज १० वॅटची. हिशेब केल्यावर बरेच जण मीटर बिघडलाय का म्हणून बॅटरी बदलतात.

बेसचा नॉब हा खरा खादाड

अँप बंद पडण्याच्या तक्रारीत मी पहिल्यांदा विचारतो, बेस कुठे आहे? नॉब पूर्ण उजवीकडे म्हणजे साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे बेसच्या भागात दहापट शक्तीची मागणी. वर ‘लाउडनेस’चं बटण दाबलेलं, आणि फोनमधला इक्वलायझरही चढवलेला. २० वॅटची गरज आता २०० ची झाली आणि दोष गेला अँपच्या माथी.

सगळं सपाट करून एक दिवस ऐका. बंद पडणं थांबलं तर अँप निर्दोष आहे. बेस कमी वाटत असेल तर त्याची कारणं वेगळी असतात. स्पीकर भिंतीजवळ सरकवला की बेस फुकट वाढतो. दोन्हींपैकी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या असतील तर दोन वूफर एकमेकांचा बेस मारतात. एका स्पीकरच्या अधिक-वजा तारा अदलाबदल करून बघा, आवाज भरीव झाला तर तीच जोडणी बरोबर. आणि चार इंचाच्या वूफरकडून ४० हर्ट्झची अपेक्षा धरली असेल तर कोणताही अँप ती पुरी करणार नाही. तेवढ्याच आवाजात एक सप्तक खाली उतरायचं तर वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि तेवढी जागाच त्याच्याकडे नसते.

ट्वीटर पुन्हा पुन्हा का जळतो

ही याच दुखण्याची दुसरी बाजू. अँप बंद न पडता रेटत राहिला तर लाटेचा माथा सप्लायच्या छताला लागून कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. बेस छताला अडकतो, पण नॉब वाढवत गेलं की वरच्या फ्रिक्वेन्सी वाढतच राहतात. शिवाय कापून चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती भरते. ट्वीटरची तार केसासारखी बारीक, ती तापून तुटते.

म्हणून ‘कमी वॅटचा अँप स्पीकर जाळतो’ हे अर्धंच खरं आहे. कमी वॅटचा अँप फाटेपर्यंत रेटला तर जाळतो. आवाज कर्कश, चरचरीत व्हायला लागला की मागे या. स्पीकरच्या मर्यादेपेक्षा थोडा मोठा अँप समजून वाजवणाऱ्याच्या हाती जास्त सुरक्षित असतो. पार्टीत नॉब कुणाच्याही हाती जाणार असेल तर मात्र मोठा घेऊ नका.

नॉब अर्ध्यावर म्हणजे अर्धी शक्ती, हाही गैरसमज. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारा डबा) पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतो, फोनची हेडफोन पिन बहुधा १ व्होल्ट किंवा त्याहून कमी. अँपचं गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) २६ डेसिबल, म्हणजे विसपट असेल तर १ व्होल्टला २० व्होल्ट निघतात, ८ ओहमला ५० वॅट. २ व्होल्टचा स्रोत जोडल्यावर हाच अँप नॉब निम्म्या वाटेवर असतानाच छताला टेकतो. उलट बाजूने, फोनचा स्वतःचा आवाज कमी ठेवून अँपचा नॉब पूर्ण फिरवला की वाटतं अँपमध्ये दमच नाही. फोन पूर्णवर ठेवा, कमी-जास्त अँपवरून करा. फरक लगेच कळेल. रेकॉर्ड प्लेअर सरळ जोडून आवाज अगदी क्षीण येत असेल तर त्याला फोनो प्रीअँप (क्षीण सिग्नल आधी वाढवणारा छोटा अँप) हवा; त्याची सुई जेमतेम ५ मिलिव्होल्ट देते.

घ्यायचाच झाला तर

स्पीकर ८६ डेसिबलच्या वर, खोली मध्यम, ओहम ६ ते ८: चांगल्या सप्लायचा लहान क्लास-डी अँप घ्या आणि पैसे वाचवा. अँप व अडॅप्टर वेगळे घेणार असाल तर अडॅप्टरवर काटकसर नको. २४ व्होल्टचा, ५ अँपिअर किंवा त्याहून जास्तीचा, नाव असलेला. या जातीच्या स्वस्त अँपची एक खोड आहे. आउटपुटचं फिल्टर ठरावीक ओहमसाठी बसवलेलं असतं. ४ साठी बसवलेल्याला ८ लावला की वरचा सूर थोडा टोकदार होतो. कुणाला ते ‘स्पष्ट’ वाटतं, कुणाच्या डोक्यात जातं.

स्पीकर ४ ओहमचा किंवा ८३-८४ डेसिबलचा असेल तर माझं मत सरळ आहे: नव्या चकचकीत डबीपेक्षा वापरलेला, जड ट्रान्सफॉर्मरचा इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) अँप. त्याहून स्वस्त पडतो तो एचडीएमआय बिघडलेला किंवा जुन्या पद्धतीचा म्हणून टाकून दिलेला एव्ही रिसीव्हर. त्याची व्हिडिओची बाजू मेलेली असली तरी स्टिरिओ वाजवायला तिची गरज नसते. दिसायला धटिंगण, जागा खातो, पण पाच-सात चॅनेलसाठी बसवलेला सप्लाय दोनच चॅनेलला मिळतो. मागे ४ ओहम चालतील असं लिहिलेलं आहे का, तेवढं बघा.

वापरलेला घेताना मल्टिमीटर खिशात ठेवा. कोणताही स्रोत न लावता, आवाज शून्यावर ठेवून, प्रत्येक चॅनेलच्या अधिक-वजा टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत उत्तम. १०० च्या वर असेल तर किंमत पाडून घ्या किंवा सोडा. व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर जोडूही नका. (क्लास-डीमध्ये मात्र एका टर्मिनलपासून ग्राउंडला सप्लायच्या निम्मे व्होल्ट दिसतात. तो बिघाड नव्हे. मोजायचं ते अधिक आणि वजा यांच्यामध्ये.)

मग हळू आवाजात गाणं लावा. एक चॅनेल मुका, आणि आवाज वाढवला की कट्‌ करून जिवंत होतो? स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) संपर्क काळे पडलेत. रिले बदलणं स्वस्त काम आहे, त्यावर भाव करता येतो. नॉब फिरवताना खरखर येते? बहुधा धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. गाणं नसतानाही सलग गुणगुण येत असेल आणि इनपुटच्या तारा काढल्यावरही ती जात नसेल, तर सप्लायचे कपॅसिटर थकलेत. ते बदलता येतात, पण मजुरी धरून हिशेब करा. अर्धा तास वाजवून झाकणाला हात लावा, आणि तुमच्या स्पीकरवरच वाजवा. विकणाऱ्याच्या ८ ओहमवर निवांत चालणारा अँप तुमच्या ४ ओहमवर काय करेल ते तिथे कळत नाही.

केबलवर फार बोलायला नको. शुद्ध तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची तार ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.१२ ओहमसुद्धा होत नाही, एवढं पुरे. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार त्याच अंतराला ०.३४ होते, ४ ओहमच्या स्पीकरला ते जाणवू शकतं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असेल तर एक माप जाड घ्या. तार खरडून बघा, आतून पांढरी निघाली तर तीच.